मुहूर्ताचा हार

दसऱ्याले मुहूर्ताच्या पहिल्या कापसाचा ट्रॅक्टर आमच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर उभा होता, अन् अर्धं दर्यापूर पाहून राहिलं होतं. सुनेनं, रागिणीनं, तिच्या सासऱ्याच्या काळातल्या कॉम्प्युटरमधला सारा कारभार क्लाउडवर चढवला होता. पण माझा पोरगा किशोर जुनं मशीन बंद करायले धजेना. "आई, वजनाची पावती नाही निघाली तर मुहूर्त शेजारच्या जिनिंगात जाईन!" "मंग मशीन मांडीवर घेऊन बस, भित्र्या!" म्हणत मीच वायर उपटली. पडदा काळा झाला. तेवढ्यात ट्रॅक्टरवरून कापसाचे मालक पुंजाजी ओरडले, "बाई, पावती माह्या मोबाइलात आली!" शिट्ट्या वाजल्या. माझ्या हातात कॉम्प्युटरच्या पूजेचा झेंडूचा हार तसाच होता. दसऱ्याले हार कामाच्या यंत्राले घालतात, अन् या क्लाउडले गळाच नाही! "रागिणे, इकडं ये!" तिनं हात पुढं केले. "हातात नाही वं, मान वाकव."