तिसऱ्या रात्रीची टेप

“आता कोणी बोलू नका,” अँब्रोज टॉलिव्हर म्हणाला आणि स्वतःच बोलत राहिला. “हा सूर ऐका. वर गेला आणि तिथेच लोंबकळत राहिला. असा श्वास जगात एकाच ट्रंपेटचा.”

व्हर्नेल गेदर ओट्याशी मक्याचा पाव कापत होती. डेट्रॉइटमधलं तिचंच स्वयंपाकघर. टेबलावर जुनी टेप वाजत होती आणि तिथेच रेकॉर्ड कंपनीची कोरीन वही उघडून बसली होती.

चौऱ्याहत्तर साली अँब्रोजने ट्रंपेटला वायर जोडली, पायाखाली आवाज वाकवणारं पेडल घेतलं आणि जुने चाहते एका झटक्यात घालवले. त्याच वर्षी गावातल्या एका क्लबात त्याचा बँड चार रात्री वाजला. ड्रमरने सगळं टेप करून ठेवलं होतं. तो वारल्यावर टेपा बँडच्या कीबोर्डवाल्या व्हर्नेलकडे आल्या. आता पंचेचाळीस वर्षांनी त्यातल्या एकाच रात्रीची रेकॉर्ड निघणार होती. कुठली, ते अँब्रोजने ठरवायचं होतं.

“तिसरी,” तो म्हणाला. “शेवटची वीस मिनिटं. याहून चांगलं त्या बँडने कधी वाजवलं नाही.”

“आणि तेव्हा व्हर्नेल मॅडम?” कोरीनने विचारलं.

“होत्या ना. मागे बसून कीबोर्डवर भांडी घासत होत्या.”

व्हर्नेल हसली. हे तिला नवं नव्हतं. पण अँब्रोज आज थांबेना. “लिही कोरीन, कीबोर्डवाल्यांना काळीज नसतं. बटणं दाबणारी माणसं ती.”

व्हर्नेलने सुरी खाली ठेवली.

“अँब्रोज, त्या रात्री तुझी दाढ सुजली होती. दुसऱ्या गाण्यानंतर तू गाल धरून निघून गेलास. लोक उठायला लागले. मग मी तुझं पेडल माझ्या कीबोर्डला जोडलं. हे जे ट्रंपेटसारखं वाजतंय ना, ते मी वाजवलंय.”

टेप चालूच होती. व्हर्नेलला आपलं बोलणं लगेच खटकलं. वर्तमानपत्रं तेव्हा त्याला रोज सोलत होती. हा घाव त्याला सोसणार नाही म्हणून सगळ्या बँडने ही गोष्ट पोटात ठेवली होती. आणि आज तिने ती परक्या पोरीसमोर सांगून टाकली.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “मी बोलायला नको होतं.”

अँब्रोजने टेप संपेपर्यंत ऐकली. मग चष्मा काढून शर्टाला पुसत बसला.

“मी निघून गेलोच नव्हतो. मागच्या दाराबाहेर, गल्लीत उभा होतो. शेवटपर्यंत. दाढ विसरलो. पुढच्या महिन्यात बँड मोडला, तो त्याचसाठी. तुझ्या पुढ्यात उभं राहून वाजवायची हिंमत नव्हती. आणि हे सांगायचीही नव्हती. म्हटलं, टोमणे मारत राहावं, कधीतरी ही चिडून बोलेल.”

“पंचेचाळीस वर्षं?”

“मला काय ठाऊक, तुझी कातडी एवढी जाड असेल!”

व्हर्नेलला हसू येईना, रडूही येईना. तिने खुर्ची ओढली आणि खाली बसली.

अँब्रोज कोरीनकडे वळला. “तिने कबूल केलंय, तू साक्षीदार आहेस. कव्हरवर तिचं नाव घाल. स्पेलिंग तिलाच विचार, मी ते आजवर कुठे छापू दिलं नाही.”