किती काळी?

म्हैसूरकडनं लग्न होऊन आल्यापासून शिवगंगा हसलीच नव्हती. आपला काळा पोरगा सुनेला आवडला नसणार, या धास्तीनं रुद्रम्मानं तिला खुलवायला तिच्या माहेरची, निजामाच्या नाक्यावर जकात भरून आलेली कॉफी भाजायला घेतली. बिया शेंगदाण्यासारख्या तांबूस झाल्या की सासू चुलीतलं लाकूड मागं ओढायची आणि सून ते परत आत सारायची.

“अगं, करपंल की! किती काळी करायची?”

शिवगंगानं दारात उभ्या नवऱ्याकडं डोळ्यांनीच दाखवलं.

“एवढी?” रुद्रम्माचा चेहरा उतरला.

“व्हय, आत्याबाई,” शिवगंगा लाजून हसली. “ह्यांच्याहून उजळ असली तर गोडीच लागत न्हाय.”