डाव्या स्पीकरची वायर

अंबडच्या अक्षतानं ‘एक स्पीकर बंद’ असं लिहिलेला जुना डेक मुद्दाम ऑनलाइन मागवला. बिघाड शोधायची तिला भारी हौस. डाव्या स्पीकरचं खोकं उघडलं, तर आतली वायर कुणीतरी सोडवून, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून नीट ठेवलेली. असं कोण कशाला करील? तिनं डेक विकणाऱ्या वाटूरच्या चांगुणाबाईंना फोन लावला. “मावशी, बंद स्पीकरची वायर कुणीतरी मुद्दाम सोडवून ठेवलीय. डेक कोण वाजवायचं?” “आमचे हे. झोपताना भीमगीतं लागायचीच. स्पीकर दुरुस्त करा म्हणून लई भांडले मी, पण नुसते हसायचे. वारले तवर बंदच.” “बंद स्पीकर कुठं असायचा?” “माझ्या उशाशी. मला पहाटं चारला उठून कामाला जावं लागायचं ना...” मग चांगुणाबाईंनी एकदम विचारलं, “पोरी, दुरुस्त केलास का गं?” “न्हाई अजून.” “मंग करू नको. मी आजच न्यायला येऊन राह्यले.”