तांबड्याची धूळ

"नवरा निवडतानाही इतकं पारखलं होतंस का गं?" पार्ट्सवालीने विचारलं.

"तेव्हा एवढी धूळ नव्हती, ताई," दुलामसुरेन म्हणाली, आणि तिने गाडीच्या इंजिनाचा तिसरा एअर फिल्टर उन्हाकडे धरला.

पहिला तिने बघताक्षणी बाजूला सारला होता. स्वस्त होता, पण कागद इतका विरळ की पलीकडचं आभाळ दिसत होतं. दुसरा लाल कापडाचा, तेल लावलेला, धुवून पुन्हा वापरायचा. पार्ट्सवालीने त्याचीच भलामण चालवली होती. पण गवताळ माळावरची पिठासारखी धूळ त्या तेलावर बसली की चिखल होणार, हे दुलामसुरेनला कळत होतं. तिसऱ्याच्या घड्या दाट होत्या. तिने त्याची रबरी कड अंगठ्याने दाबून पाहिली. कड मऊ होती, फट राहणार नव्हती. उद्याच्या घोड्यांच्या शर्यतीत गाडी बंद पडून चालणार नव्हतं. तिने तोच घेतला.

गाडीत तिचे सासरे गोम्बोजाव आबा जुना फिल्टर मांडीवर घेऊन बसले होते. तो त्यांनी निळ्या रेशमी वस्त्रात गुंडाळला होता, देवापुढचं काही असावं तसा. शर्यतीत जिंकणाऱ्या घोड्याची धूळ अंगावर पडली की वर्ष भाग्याचं जातं, हे माळावर शेंबडं पोरही सांगेल. ती धूळ घ्यायला माणसं कुठून कुठून येतात. मग तीच धूळ गच्च भरलेला फिल्टर फेकायचा कसा? आबांनी वर्षभर तो झटकूसुद्धा दिला नव्हता. गाडी दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकत होती आणि आबा म्हणत होते, घरात बरकत आहे.

"गाडीला आशीर्वाद नको आबा, हवा हवी," बॉनेट उघडत दुलामसुरेन म्हणाली.

आबांनी फुरंगटून जुना फिल्टर छातीशी धरला. वाद घालायला त्यांना तोंड नव्हतं. गेल्या वर्षी भर शर्यतीत, घोड्याच्या बाजूने धावता धावता, गाडी घुसमटून बंद पडली होती आणि ते माळावर बसून राहिले होते. त्यांचा घोडा बराच मागून येऊन पोहोचला, आणि त्याच्या अंगावरचा घाम लाकडी पट्टीने निपटायचं काम, जे घोडा तयार करणाऱ्याच्याच हक्काचं, ते कुणा परक्याने केलं. आबा त्या रात्री जेवले नव्हते. आता मोतीबिंदूने त्यांना उजेड आणि सावली एवढंच उमगत होतं. तांबडा हा त्यांचा शेवटचा घोडा. तो कितवाही येवो, तो येईल तेव्हा आबा तिथे हवेत, एवढंच दुलामसुरेनला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी घोडे सुटले आणि त्यांच्या बाजूने गाड्याही सुटल्या. तांबड्यावर दुलामसुरेनची लेक त्सोलमोन बसली होती. हिरवी टोपी, खाली झुकलेली इवलीशी पाठ. सुरुवातीला ती घोळक्यात पार मागे होती आणि गाडीभोवती नुसता धुळीचा पिवळा अंधार होता. दुलामसुरेनचे कान इंजिनाकडे लागले होते. इंजिन एकदाही खोकलं नाही. एका लयीत घुमत राहिलं, आणि तिला गाणं म्हणावंसं वाटलं.

हिरवी टोपी पुढे सरकत होती. एक घोडा मागे पडला, मग दोन, मग एकदम जथाच. दुलामसुरेन मोजायचं विसरली. काचेवर धुळीचा थर बसला होता. खड्डे चुकवायचे आणि टोपी नजरेतून सुटू द्यायची नाही, याखेरीज तिला काही सुचत नव्हतं. समोर चढ होता. खरे पुढचे घोडे केव्हाच त्यापलीकडे गेले असणार, असं तिने मनाशी धरलं होतं.

"कुठे आहे आपला?" आबा दर क्षणाला विचारत होते.

"शेजारीच पळतोय. छान पळतोय," ती म्हणत होती. त्याहून जास्त बोलायची तिची छाती होत नव्हती.

आबांनी काच खाली केली. मान बाहेर काढली, वाऱ्यावर तोंड उघडं धरलं आणि ओठांवरून जीभ फिरवली. मग त्यांनी चाचपडत तिचा दंड धरला.

"पोरी, धूळ नाहीये."

"फिल्टर चांगला मिळाला, आबा."

"फिल्टर इंजिनाला आहे. माझ्या तोंडाला नाही." त्यांनी पुन्हा ओठ चाटले. "आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या घोड्यांची धूळ खाल्ली. तिची चव मला विचार. पुढे कोणी नाहीये."

दुलामसुरेनचा विश्वास बसेना. तिने पाय दाबला. गाडी आणि तांबडा एकदमच चढाच्या माथ्यावर आले. खाली मोकळा हिरवा माळ पसरला होता. त्यावर एकही घोडा नव्हता. टोकाला निशाणं फडफडत होती. आणि तिथली सगळी गर्दी दोर ओलांडून, पोरांना खांद्यावर घेऊन, त्यांची धूळ अंगावर घ्यायला धावत येत होती.