नऊ वर्षांचा डाव

हेमांगी देऊळगावकरने शेवटची चाल खेळली, तेव्हा तिचे डोळे थकव्याने चुरचुरत होते. चाल म्हणजे एक अंगाईगीत. पलीकडच्या वसाहतीत ते घरोघरी ऐकलं गेलं आणि आठवडाभरात पडद्यावर अक्षरं उमटली: सांस्कृतिक विजय.

मंगळावरच्या एकमेव बर्फाच्या खाणीसाठी रक्त सांडायला नको, म्हणून दोन्ही वसाहतींनी नऊ वर्षांपूर्वी हा डाव मांडला होता. आळीपाळीने गाणी, नाटकं, गोष्टी पाठवायच्या. ज्यांची भाषा समोरच्यांच्या घरात आधी रुजेल, खाण त्यांची.

प्रतिस्पर्धी निवृत्ती खोबरेकर पडद्यावर आले. त्यांच्या मांडीवर सहा वर्षांची नात होती.

"अभिनंदन, हेमांगीताई. छान खेळलात," ते तिच्याच भाषेत म्हणाले. एकही शब्द त्यांना शोधावा लागला नाही.

त्यांना हरवण्यासाठी हेमांगी त्यांची भाषा शिकली होती. त्याच भाषेत ती हळूच म्हणाली, "माफ करा, काका. आमच्याकडे दोनच महिन्यांचं पाणी उरलं होतं."

नातीने मान वर केली आणि हेमांगीच्याच भाषेत विचारलं, "आजोबा, त्या कुठल्या भाषेत बोलल्या?"

निवृत्ती तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "आपल्या."