हसनाबादच्या तीन मुली

तिसरी मुलगी साडेचारनंतर येते असं कळलं, म्हणून गंधाली पिठाच्या गिरणीतल्या बाकड्यावर बसून राहिली.

गंधाली जालन्याच्या बाल संरक्षण कक्षात नवीन होती. मुलांच्या हेल्पलाइनवर आलेला फोन तिच्या टेबलावर कागद होऊन यायचा. मग त्या मुलाच्या गावी जायचं, खरं काय ते बघायचं आणि बाल कल्याण समितीला अहवाल द्यायचा. हसनाबादहून आठ दिवसांत तीन फोन आले होते. तीन कागद, तीन मुली. साहेब म्हणाले होते, एकाच फेरीत उरकून या.

पहिल्या मुलीसाठी ती सकाळी रामकिसनच्या हॉटेलात गेली होती. मुलगी नुकतीच येऊन गेली होती.

"सात-आठ वर्षांची असंल," रामकिसन म्हणाला. "रोज सकाळी येती. चहा-खारी खाती, बाकडं पुसून देती अन् जाती. नाव इचारलं तर नुसती हसती."

दुसरी मुलगी शाळेत सापडली. तिसरीतली अर्पिता. वर्गाच्या दाराशी रजनी मॅडम तिची वेणी घालत होत्या. घरी वेणी घालायला कुणी नाही, म्हणून त्या रोज पहिल्या तासाआधी घालून द्यायच्या. अर्पिताची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. घरी आजोबा होते, पण त्यांना दिसत नव्हतं. भाऊबंदांकडून त्यांचं ताट यायचं, एकाच माणसाचं. वडील जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात होते. ते रविवारी गावी यायचे.

गंधालीने शाळेच्या व्हरांड्यातूनच त्यांना फोन लावला.

"पोरीला इकडं आणलं असतं मॅडम," ते म्हणाले, "पण एका खोलीत आम्ही सहा गडी राह्यलोत." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "बालगृहात बराबर सांभाळतात का हो?"

आता फक्त तिसरा कागद उरला होता. त्यावर लिहिलं होतं: छकुली, रोज गिरणीत एकटी बसते. शाळा सुटल्यावर रजनी मॅडमच गंधालीला गिरणीपर्यंत घेऊन आल्या.

गिरणीच्या मालकीण पुष्पाबाई भुवयांपर्यंत पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या आणि बोलायला तिखट होत्या. "दळण कुणाचंबी असू द्या, ही आपली इथं बसून राहती. दिवे लागले की जाती. उद्या पट्ट्यात हात गेला म्हंजे? माझ्याच गळ्यात यायचं ना?"

तेवढ्यात दारात मुलगी उभी राहिली. दप्तर पाठीला, वेणी सकाळी घातलेली.

"आली बघा छकुली," पुष्पाबाई म्हणाल्या.

"ही अर्पिता आहे," रजनी मॅडम म्हणाल्या.

बेसन न्यायला आलेला रामकिसन मागून डोकावला. "अरे, ही तर आपली चहावाली."

गंधालीने हातातल्या कागदांकडे पाहिलं. फोन कुणी केले ते नियमाने तिला सांगता येत नव्हतं. पण सांगायची वेळच आली नाही.

"मीच फोन केल्ता," रामकिसन म्हणाला.

"तुम्ही? फोन तर मी केला होता," रजनी मॅडम म्हणाल्या.

"मंग मी काय शेजारणीला केल्ता का?" पुष्पाबाईंनी विचारलं, आणि तिघंही हसू लागली. गंधालीलाही हसू आवरेना. तीन मुलींची एक झाली. दिवसाचं काम संपल्यासारखं वाटलं तिला.

पण काम संपलं नव्हतं. तिने दोन कागद बाजूला ठेवले आणि तिसरा मांडीवर घेतला.

"समितीला मी सांगू शकते की हिला गावातच राहू द्या," ती म्हणाली. "वडील तयार होतील. पण सोमवार ते शनिवार तिच्याकडे बघणारं एक घर लागेल. इथे एकच नाव लिहायचंय. नाही मिळालं, तर मग जालन्याचं बालगृह."

हसणं थांबलं. रजनी मॅडम रोज भोकरदनहून ये-जा करायच्या. रामकिसनची आई सहा महिन्यांपासून अंथरुणावर होती. "मला एकटीला गिरणीच उरकत न्हाई," असं म्हणत पुष्पाबाईंनी चालत्या गिरणीत गहू ओतले. कुणी खोटं बोलत नव्हतं. गंधालीने पेनाचं टोपण लावलं.

मुलगी सगळ्यांकडे बघत उभी होती. काहीतरी बोलायचं म्हणून गंधालीने तिला जवळ घेतलं.

"अर्पिता, सकाळी एकीकडे, शाळेत मॅडमकडे, संध्याकाळी इकडे. कुणालाच दुसऱ्याचं सांगितलं नाहीस. असं का गं?"

एवढंही या नव्या मॅडमना कळू नये, याचं मुलीला नवल वाटलं.

"एकाच माणसाकडं सारखं सारखं गेलं ना, की ते कंटाळतंय," ती म्हणाली. "म्हणून मी सगळ्यांकडं थोडं थोडं जाते."

रामकिसनने बेसनाची पिशवी खाली ठेवली. रजनी मॅडम उगाच तिची वेणी नीट करू लागल्या. पुष्पाबाईंनी बटण दाबलं. पट्टा फडफडत थांबला आणि गिरणीत एकदम शांत झालं.

"लिहा माझं नाव, पुष्पाबाई," त्या गंधालीला म्हणाल्या. "अन् म्हाताऱ्याचं ताट बी इथूनच जाईल, ते बी लिहा."

मग पदराने हात पुसत त्यांनी मुलीच्या पाठीवरचं दप्तर काढून घेतलं.

"कंटाळले म्हंजे मी सांगीन तुला. तवर इथंच राह्यचं."