रहाटाचा खटका

लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ जुनाच होता. टेक्निकलच्या प्रात्यक्षिक परीक्षेला विशाखानं रहाट बनवला होता. सरांनी वाळूचं पोतं शाळेच्या कोरड्या आडात सोडलं आणि मधेच रहाटावरचा हात काढला. खट्‌कन आवाज झाला. रहाट जागीच अडला, पोतं अधांतरी लटकलं.

"शाब्बास! हा खटका तर पुस्तकात नाही. पोत्यात वाळू किती भरलीस?"

"गोदीच्या वजनाएवढी, सर. माझी धाकटी बहीण. मागल्या उन्हाळ्यात गावच्या आडाच्या तळाला वाटीनं पाणी भरायला तिलाच सोडलं होतं. हलकी म्हणून. रहाट माझ्या हातून सुटला."

विशाखा लटकत्या पोत्याकडे बघत आडात वाकली.

"भिऊ नको गोदे," ती हळूच म्हणाली, "आता माझा हात सुटला तरी तू पडत न्हाईस."